धारूरच्या घाटात हिटर

मनालीच्या बर्फासाठी बसवला होता हिटर,
पहिल्यांदा लावला तो वैशाखात, धारूरच्या घाटात,
दुपारी सव्वाबाराला.
"इंजिनाची आग आपल्याकडं ओढून घ्यायची,"
हे म्हणाले, "तेवढीच त्याला सावली."
आणि माझ्या पायांवर
भट्टीचं दार उघडलं.

एकतीस वर्षं माजलगाव डेपोत
गाड्यांखाली उताणा पडलेला माणूस
रिटायर झाला आणि उभा राहिला तो थेट
पाटबंधाऱ्याच्या लिलावात.
पेट्रोलची पिकअप. गफूर मिस्त्री म्हणाला,
"डिझेल घ्यायचं, विश्वंभरमामा, डिझेल म्हणजे बैल.
हे शिंगरू. सपाटीला पळंल,
चढाला तोंड फिरवंल."

मग आठ महिने अंगणात वेल्डिंग.
दोन चाकांवर एक खोली उभी राहिली,
खिडक्या भंगारातल्या एसटीच्या,
एकीवर अजून वाचता येतं: हात बाहेर काढू नये.
आत माझा वीतभर ओटा,
पलंग, जो दिवसा बाकडं होतो,
मिसळणाच्या डब्याला खास खाच.
गल्लीनं नाव ठेवलं, डबा.
"काकू, डबा कधी निघतो?"

"इथं चढली तर कुठंही चढंल,"
म्हणून नकाशातल्या सगळ्या पर्वतांच्या आधी
हा घाट.
तेलगाव सोडलं तेव्हा सुई निम्म्यावर,
पायथ्याला पाऊण,
तिसऱ्या वळणावर दुसरा गियर संपला.
गियर संपतो म्हणजे काय ते तेव्हा कळलं:
आवाज तोच, झाडं थांबली.
सीताफळीची, बिनपानाची.
आणि मागून डबा,
बाजारात अडून बसलेल्या पोरासारखा
पदर ओढत.

पहिला टाकला. माणूस चालतो तसं चाललो.
आरशात सिमेंटचे ट्रक, एक एसटी,
सगळे हॉर्न आमच्या नावानं.
एसटीवाला ओलांडताना वाकून बघतो,
ओळखतो, शिवी अर्धीच गिळतो:
"दादा, तुम्ही?"

सुई लाल.
"उतर. दगड."

चपलेखाली डांबर मऊ.
त्या वळणावर दगड शोधावा लागत नाही,
कठड्याला टेकून होताच एक,
काळा, एका अंगानं टायरनं घासलेला, ऑइल प्यालेला.
डब्याच्या चाकामागं सरकवला.
गाडी बोटभर मागं आली,
दगड कुरकुरला
आणि धरलं त्यानं.

बॉनेट उघडं. झाकणाला पाऊण तास हात लावायचा नाही.
मी डब्यात गेले, भिंत धरून,
चहा टाकला.
पातेल्यात पाणी एका काठाला चढलेलं,
दुसऱ्या काठाला तळ उघडा.
"अर्धाच दिलास," हे म्हणाले.
"सांडत नाही तेवढा दिला.
घर वाकडं आहे."

खाली, लांब, काहीतरी चकाकत होतं,
धरणाचं पाणी असेल
किंवा नुसतं ऊन.
"मनालीला किती वळणं असतील?"
"मोजली नाहीत."
"दगड असतील का तिथं?"
"तिथं दगडच आहेत."
एका वानरानं बिस्किटाचा पुडा नेला.
त्यावर आम्ही काही बोललो नाही.

इंजिन निवलं. गाडीनं दम घेतला, पुढं सरली,
दगड सुटा झाला.
लोक तो तसाच रस्त्यात टाकून जातात,
रात्रीच्या मोटारसायकलीला.
मी उचलला, अजून गरम,
दोन्ही हातांनी कठड्याशी नेऊन ठेवला.
तोवर गाडी पुढं.
चढावर पुन्हा थांबता येत नाही,
हे थांबले नाहीत, मीही हाक मारली नाही.

पहिल्या गियरमध्ये चाललेल्या
माझ्या घराच्या बाजूनं
मी चालत गेले धारूरच्या सपाटीपर्यंत,
तळवा पत्र्यावर,
हात बाहेर काढू नये
त्या खिडकीच्या बरोबर खाली.